गाडी ८० च्या पुढे थरथरते? शॉकअप बदलण्याआधी चाकं बघा

गाडी हलतेय, काय करू, असा फोन आला की मी आधी दोनच गोष्टी विचारतो. कधी हलते आणि कुठे जाणवतं? बहुतेकांना पटकन सांगता येत नाही, कारण गाडी हलायला लागली की माणूस घाबरून ब्रेक मारतो आणि नेमकं काय झालं ते लक्षात राहत नाही. म्हणून आधी मोकळा सरळ रस्ता बघून एक चक्कर मारून या. शेजारी घरातलं कोणीतरी बसवा आणि त्यांना मोबाईलवर लिहायला सांगा, किती स्पीडला सुरू झालं, किती स्पीडला थांबलं, ब्रेकवर पाय होता का, हातात जाणवलं की बुडाखाली. पुढचं सगळं या एका चकरेवर अवलंबून आहे.

मी मेकॅनिक नाही. पण महिन्यातून दोनदा पुणे ते चिपळूण जातो, सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट उतरून खाली. सीएनजी हॅचबॅक आहे, १४ इंची चाकं. चार वर्षांत माझ्याच गाडीला हा त्रास पाच वेळा झाला, शिवाय आतेभावाची गाडी, शेजारच्या काकांची, ऑफिसमधल्या दोघांची अशा बघून झाल्या. प्रत्येक वेळी कारण सारखं नव्हतं, पण निम्म्याहून जास्त वेळा ते चाकातच निघालं आणि पाचशे रुपयांच्या आत काम झालं. त्यामुळे मी तपासायचा एक क्रम ठरवून टाकलाय आणि तो मोडत नाही, कितीही घाई असली तरी.

लक्षणं आधी बघू

सगळ्यात जास्त दिसणारं लक्षण म्हणजे ठराविक स्पीडला येणारी थरथर. ७५-८० पर्यंत गाडी एकदम गुळगुळीत, मग स्टेअरिंगमध्ये बारीक झिणझिण सुरू होते, ९० ला हात हलतात आणि ११० ला परत कमी होते. हे बहुतेक वेळा चाकाच्या बॅलन्सचं काम असतं, म्हणजे चाकाचं वजन गोलात सगळीकडे सारखं नसतं. स्टेअरिंग हलत असेल तर पुढची चाकं बघा. स्टेअरिंग शांत आहे पण सीट, फ्लोअर, मागे बसलेल्यांच्या पाण्याच्या बाटल्या हलतायत, तर मागची चाकं. हा नियम शंभर टक्के नाही पण सुरुवात इथून करायची.

फक्त ब्रेक मारल्यावर हादरते, पॅडल पायाखाली वरखाली होतं, ब्रेक सोडला की सगळं शांत, तर ब्रेकची डिस्क किंवा ड्रम.

अ‍ॅक्सिलरेटर दाबला की हलते आणि सोडला की थांबते, विशेषतः चढावर, तर ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट नाहीतर इंजिनमध्ये मिसिंग, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नाही.

सिग्नलला उभी असताना थडथडते, एसी लावला की वाढते, रस्त्यावर निघालं की काही नाही, तर चाकांचा संबंधच नाही, तिथे ठिणगी पाडणारे प्लग, त्यांना करंट देणारी कॉइल, इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी किंवा इंजिनचं फाउंडेशन, म्हणजे ते ज्या रबरांवर बसतं ती रबरं, बघायचं. पहिल्या गिअरमध्ये उचलतानाच कंप सुटतो आणि क्लच पूर्ण सोडला की थांबतो, तो क्लच प्लेटचा विषय.

आणि एक लक्षण असं आहे की ते दिसलं की पुढचं काही वाचू नका, आधी गाडी बाजूला घ्या. २०-३०-४० अशा हळू स्पीडलाच गाडी डुलते, लटपटते, चाक कुठेतरी वाकडं फिरतंय असं वाटतं आणि दर किलोमीटरला ते वाढत जातं. हे चाकाचे नट सैल झाल्याचं किंवा टायर आतून फुटत आल्याचं लक्षण असतं. बॅलन्सिंग गेलेली गाडी हळू चालवली की शांत होते, पण इथे हळू चालवूनही शांत होत नाही, हा फरक नीट लक्षात ठेवा.

अजून एक, गाडीचा काही दोष नसताना लोक घाबरतात ते म्हणजे काँक्रीटचे रस्ते. काँक्रीटच्या स्लॅबमध्ये ठराविक अंतरावर सांधे असतात, त्यावरून जाताना ठप ठप ठप असा एका लयीत हादरा बसतो. लेन बदलून किंवा डांबरी रस्त्यावर येऊन बघा, तिथे शांत असेल तर गाडी ठीक आहे.

फुकटात होणाऱ्या गोष्टी

हवा. सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, टायर थंड असताना. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर पुढे किती मागे किती लिहिलेलं असतं, माझ्या गाडीला ३३ आहे, तुमच्या गाडीचा आकडा तुम्ही बघा. पंपावरचा माणूस विचारतो किती भरू आणि आपण सवयीने पस्तीस म्हणतो, हे बंद करा. हवा जास्त झाली की प्रत्येक छोटी खाच स्टेअरिंगपर्यंत येते, कमी झाली की टायरची बाजू दबून डुलल्यासारखं होतं. एकाच चाकात वारंवार पाच-सहा पीएसआय कमी होत असेल तर हळू पंक्चर आहे किंवा रिमची कड वाकलीय, म्हणजे तुम्हाला पुढचा धागा इथेच मिळाला. नायट्रोजन भरून थरथर जात नाही, त्यावर पैसे घालवू नका.

गाडी बरेच दिवस उभी होती का ते आठवा. २०२० च्या लॉकडाऊननंतर आमच्या सोसायटीतल्या अर्ध्या गाड्या पहिल्या दिवशी थरथरत होत्या. टायरचा जो भाग जमिनीला टेकलेला असतो तो चपटा होतो. दहा-पंधरा किलोमीटर चालवून टायर गरम झाला की बहुतेक वेळा आपोआप गोल होतो. काकांची गाडी मात्र हवा कमी असताना तीन महिने उभी होती, तिचा चपटेपणा गेलाच नाही आणि दोन टायर बदलावे लागले.

आता मातीचं, हे मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण माझी पहिली फसगत इथेच झाली. जुलै महिना, गावाकडे घरापर्यंतचा शेवटचा अर्धा किलोमीटर कच्चा आहे, त्या चिखलातून गाडी वर काढली आणि दुसऱ्या दिवशी परत निघालो. साताऱ्याच्या अलीकडे रस्ता मोकळा मिळाला, ८५ ला गेलो आणि स्टेअरिंग असं हलायला लागलं की दोन्ही हातांनी धरून बसलो. पुण्यात आल्यावर जवळच्या एका गॅरेजमध्ये दाखवली, त्यांनी एक राउंड मारून सांगितलं पुढचे शॉकअप गेले. साडेनऊ हजार दिले. थरथर तशीच राहिली. परत नेली तर म्हणाले आता मागचेपण करू.

मग पुढच्या फेरीत उंब्रजच्या अलीकडे एका पंक्चरवाल्याकडे हवा भरायला थांबलो आणि सहज त्याला सांगितलं. त्याने काही विचारलं नाही, चाकाच्या मागे हात घातला, बोटांनी चाचपलं आणि म्हणाला, दादा माती आहे. जॅक लावून चाक काढलं, उलटं ठेवलं. रिमच्या आतल्या बाजूला, जिथे आपल्याला बाहेरून कधीच दिसत नाही तिथे, लाल मातीचा वाळलेला थर होता, एका बाजूला दोन बोटं जाड आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. वाळून अशी घट्ट झालेली की स्क्रू ड्रायव्हरने ठोकून काढावी लागली, ढपले पडले. मी एक ढपला पिशवीत घालून घरी आणला आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, १३० ग्रॅम. त्या पंक्चरवाल्याने हवा आणि माती दोन्हीचे मिळून पन्नास रुपये घेतले आणि गाडी पुण्यापर्यंत ९० ला एकदम शांत आली.

१३० ग्रॅम म्हणजे काय एवढं असं वाटतं ना, मलाही वाटलं होतं. १४ इंची चाक ९० च्या स्पीडला सेकंदाला तेरा-चौदा फेरे मारतं. एवढ्या वेगात रिमच्या कडेला चिकटलेले नुसते १०० ग्रॅम चाकाला बाहेर ओढतात ते साधारण बारा किलो वजनाच्या जोराने, आणि ते ओढणं दर फेरीला दिशा बदलतं, वर, पुढे, खाली, मागे. स्पीड दुप्पट केला की हा जोर चौपट होतो, म्हणून ४५ ला काहीच कळत नाही आणि ९० ला हात हलतात. मग ११० ला कमी का होतं, तर चाक आणि सस्पेन्शन मिळून त्यांची स्वतःची एक हलण्याची लय असते, झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का दिला की तो चढतो तसंच, चाकाचे फेरे त्या लयीशी जुळले की थरथर वाढते आणि त्यापुढे गेले की लय सुटते. कमी झाली म्हणून बरी झाली असं मात्र नाही, बेअरिंगवर आणि बॉल जॉइंटवर (चाक सस्पेन्शनला जोडणाऱ्या सांध्यावर) मार चालूच असतो.

तर पावसाळ्यात पहिलं काम, पाइप घ्या आणि चाकाच्या आतल्या बाजूला, चारही चाकांना, खालून पाणी मारा. धुवायला दिली तर त्यांना सांगावं लागतं, नाहीतर ते बाहेरून चकचकीत करून देतात. कोकणातली लाल माती निदान पाण्याने सुटते, काळी माती वाळली की सिमेंटसारखी बसते. आतेभाऊ बार्शीला असतो, त्याच्या गाडीची माती आम्ही खुरप्याने काढलीय. पाणी मारताना एकच काळजी, घाट उतरून आल्या आल्या नाही. डिस्क तापलेली असते, त्यावर गार पाणी पडलं की ती वाकायची भीती असते आणि मग दुसरंच दुखणं मागे लागतं. अर्धा-पाऊण तास जाऊ द्या.

धुताना चारही टायर हाताने चाचपा. बाजूच्या भिंतीवर फुगा आलाय का, लिंबाएवढा, अक्रोडाएवढा कसाही असू दे. खड्ड्यात चाक आपटलं की आतले धागे तुटतात आणि हवा रबराला बाहेर ढकलते. असा टायर दुरुस्त होत नाही. त्यावर गाव गाठतो, उद्या बघतो असलं काही करू नका, स्टेपनी लावा. मग रस्त्याला टेकणाऱ्या भागावरून तळहात फिरवा, करवतीसारखं टोचतंय का, वाटीसारखे खोलगट भाग पडलेत का. वाटी पडलेली असेल तर शॉकअप खरंच कमजोर असू शकतो किंवा बॅलन्सिंग बरेच महिने बिघडलेलं होतं. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपुढचा टायर मी लांबच्या रस्त्याला वापरत नाही, नक्षी कितीही दिसत असली तरी, कारण रबर आतून कडक होतं आणि टायरच्या आतला पट्टा सुटायला लागला तरी वरून कळत नाही.

नट तपासा, पंक्चर काढून घेतलं असेल किंवा चाकं काढली असतील तर नक्कीच. गाडीसोबत मिळालेल्या पान्याने, समोरासमोरचे नट असे आलटून पालटून, गोलात नाही. गोलात आवळले की चाक हबवर, म्हणजे ते ज्या भागावर बसतं त्यावर, तिरकं बसू शकतं. पान्यावर उभं राहून आवळू नका, छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटर एवढंच लागतं आणि जास्त किंवा कमीजास्त आवळल्याने डिस्क वाकडी बसून पुढे ब्रेकला हादरे येतात. चाक काढलंच असेल तर हबचा टेकणारा भाग तारेच्या ब्रशने घासा, गंजाची एक खपली मध्ये अडकली तरी चाक डुलतं.

एक फुकटची चाचणी आहे, फक्त घाम गाळावा लागतो. पुढची दोन चाकं मागे आणि मागची पुढे लावा. डावं डावीकडेच, उजवं उजवीकडेच. परत त्याच रस्त्याने त्याच स्पीडला जा. स्टेअरिंगमधली थरथर सीटखाली गेली तर दोष चाकात किंवा टायरमध्ये आहे हे पक्कं झालं. काहीच बदललं नाही तर दोष चाकात नसून हब, डिस्क, शाफ्ट किंवा सस्पेन्शनमध्ये आहे. ही एक चाचणी केल्याशिवाय आता मी कोणालाही पार्ट बदलू देत नाही, साडेनऊ हजारांचे शॉकअप यानेच वाचले असते.

आता थोडे पैसे, बॅलन्सिंग

आमच्याकडे चार चाकांचं बॅलन्सिंग वजनांसकट तीन-चारशे ते सहाशेत होतं. इथे एक गैरसमज सगळीकडे आहे तो म्हणजे गाडी हलते म्हणून अलाइनमेंट करून घेणं. अलाइनमेंट म्हणजे चाकं कोणत्या दिशेला तोंड करून उभी आहेत ते, ती बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, स्टेअरिंग वाकडं राहतं, टायर एका कडेने झिजतो. नुसत्या अलाइनमेंटने ठराविक स्पीडची थरथर जात नाही. दोन्ही करा, पण हलण्यासाठी पैसे देताय ते बॅलन्सिंगचे, हे दुकानात स्पष्ट सांगा आणि चारही चाकं करा, फक्त पुढची नको.

मशीनजवळ उभे राहा, कोणी हाकललं तरी. चाक चढवायच्या आधी रिममधली माती काढली का बघा, मातीवरच बॅलन्सिंग केलं तर पुढच्या पावसात माती पडते आणि थरथर परत येते. रिमच्या आत चौकोनी स्वच्छ डाग दिसला तर तिथलं चिकटवलेलं वजन पडून गेलंय. जुनी वजनं काढून सुरुवात शून्यापासून करायला सांगा. वजन लावल्यावर परत एकदा फिरवून दोन्ही बाजूंना शून्य आलं की मगच चाक उतरवा. एका चाकाला ६०-७० ग्रॅमच्या वर वजन लागत असेल तर टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवायला सांगा, पुष्कळदा निम्म्या वजनात भागतं. तरी नाही भागलं तर टायर किंवा रिम बिघडलेली आहे.

तेवढ्यात रिमच्या कडेकडे बघत राहा. मशीनवर फिरताना कड वरखाली किंवा आतबाहेर नाचत असेल तर रिम वाकलीय. लोखंडी रिम ठोकून, प्रेसवर धरून सरळ होते आणि नीट केली तर चालते. अलॉयला चीर गेली असेल आणि कोणी वेल्डिंग करून देतो म्हणाला तर नाही म्हणा, ती रिम बदलायची. रिम सरळ आहे पण टायर नाचतोय तर टायरचा आतला पट्टा सुटलाय. ऑफिसमधल्या एकाच्या गाडीत पंक्चर होऊ नये म्हणून टायरमध्ये ओतायचं जेल भरलेलं होतं, तीन वेळा बॅलन्सिंग केलं आणि दर वेळी आकडे वेगळे, कारण ते जेल आत फिरतं आणि गाडी उभी राहिली की खाली जमतं. टायर उघडून पुसून काढलं तेव्हा प्रश्न सुटला. बाहेरून अलॉय बसवून घेतले असतील तर मधलं भोक हबपेक्षा मोठं असतं, मध्ये रिंग लागते, ती बसवलीय का विचारा, नाहीतर चाक कधीच मधोमध बसत नाही.

ब्रेकवर हादरे

घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला की डिस्क तापते, आणि त्याच तापलेल्या डिस्कवर खाली येऊन ब्रेक दाबून उभं राहिलं की पॅडचा थर एका जागी चिकटतो. मग डिस्क सगळीकडे सारखी जाड राहत नाही, पॅड त्या उंचवट्यावरून गेला की पॅडलला आणि स्टेअरिंगला धक्का. कुंभार्ली असो की आंबा घाट, चढताना जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरा, इंजिनला धरू द्या.

तपासायची सोपी पद्धत अशी की दहा-बारा किलोमीटर चालवून आल्यावर हात चारही रिमजवळ न्या, लावू नका, फक्त धग बघा. एक चाक बाकीच्यांपेक्षा खूप गरम असेल, जळका वास येत असेल, तर कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, अडकलाय, पॅड सुटतच नाही. पिन साफ करून ग्रीस लावल्याने पुष्कळदा सुटतो, पण हे गॅरेजमध्येच. डिस्क लेथवर टर्निंग करून मिळते, फक्त डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, तिच्या खाली जाणार असेल तर नवीन जोडी घ्या, एकच बदलू नका. जोरात ब्रेक मारल्यावर पॅडल कुरकुरून थडथडतं ते एबीएसचं (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं) काम असतं, तो दोष नाही. हळूच ब्रेक मारूनही हादरत असेल तरच डिस्ककडे वळा. ब्रेक उघडणं घरी शिकायची गोष्ट नाही, एवढं मी आग्रहाने सांगेन.

उभी असताना हलणारी गाडी

सीएनजीवाल्यांनी सगळ्यात आधी पेट्रोलवर टाकून बघा. पेट्रोलवर शांत आणि सीएनजीवर थडथड, तर प्लग बघा, कारण गॅस पेटवायला ठिणगी जास्त जोरदार लागते आणि प्लग कमजोर झाला की तो आधी सीएनजीवर उघडा पडतो. माझ्या गाडीला चौथ्या वेळी हेच होतं, चारही प्लग बदलले, सातशे रुपये, आणि सिग्नलला आरसा थरथरायचा थांबला. जुन्या प्लगचं टोक पार गोल झालं होतं. प्लगने नाही गेलं तर कॉइल, सीएनजीचा फिल्टर, थ्रॉटल बॉडीची साफसफाई या क्रमाने. डिझेलला हे प्लग नसतात, तिथे इंजेक्टर बघावे लागतात आणि ते काम मेकॅनिककडचंच.

डॅशबोर्डवरचा इंजिनचा पिवळा दिवा नुसता लागून राहिला तर हळू चालवत गॅरेज गाठा, स्कॅनर लावून कुठल्या सिलिंडरला मिसिंग आहे ते कळतं. तो दिवा लुकलुकत असेल तर गाडी चालवू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि तो जाळून टाकतं, मग शे-दोनशेच्या प्लगपायी काही हजारांचा पार्ट जातो.

प्लग बिग सगळं चांगलं आहे, इंजिनचा आवाज एकसारखा आहे आणि तरी सगळी बॉडी थडथडते, रेस थोडी वाढवली की थांबते, गिअर टाकताना खालून धप्प असा आवाज येतो, तर फाउंडेशन. इंजिन ज्या रबरांवर बसलेलं असतं ती रबरं चिरतात किंवा बसतात. बॉनेट उघडून टॉर्चने बघितलं तरी चीर दिसते कधी कधी. सगळी रबरं एकदम बदलायला सांगतात, तुटलेलं कुठलं आहे ते दाखवायला सांगा आणि मग ठरवा.

जॅकवर चढवून बघायच्या गोष्टी, आणि इथे थांबायचं

पुढचा भाग मी मेकॅनिकसोबत उभा राहून बघतो, एकट्याने करत नाही. चाक जमिनीवरून उचललं की वर-खाली धरून हलवतात, खट् वाजलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. डाव्या-उजव्या बाजूला धरून हलवल्यावर वाजलं तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टेअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा. बेअरिंग गेलं असेल तर चालताना घूंऽऽ असा विमानासारखा आवाजही येतो आणि वळणावर तो बदलतो, डावीकडे वळताना वाढला तर उजवं बेअरिंग, कारण भार तिकडे जातो. शाफ्टच्या टोकाचं रबरी बूट फाटून आजूबाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसलं तर जॉइंट गेला किंवा जाणार. पूर्ण वळवून गाडी फिरवताना टक टक टक वाजलं तर बाहेरचा जॉइंट, सरळ चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर हादरलं तर आतला. मागच्या चाकांवर चालणाऱ्या मोठ्या गाड्यांमध्ये खालचा लांब प्रोपेलर शाफ्ट असतो, त्याचा क्रॉस (फिरता सांधा) किंवा मधलं बेअरिंग झिजलं की मागून हादरे येतात.

यातलं काहीही निघालं तर आपण थांबायचं. बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवं होतं आणि टाय रॉड निसटला तर एक चाक स्टेअरिंगचं ऐकत नाही, हे रस्त्याच्या कडेला पाना घेऊन करायचं काम नाही. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकंसुद्धा घालू नका, रबर काढून बघतो, एवढंच बघतो, काहीही नाही, जॅक सरकायला एक सेकंद पुरतो. चाकामागे दगड, आणि काढलेलं चाक गाडीच्या बाजूच्या पट्टीखाली आडवं, एवढं तर नुसती स्टेपनी बदलतानाही करा.

रस्त्यात असताना हळू स्पीडलाही गाडी लटपटते, टायरला फुगा आहे आणि स्टेपनीतपण हवा नाही, स्टेअरिंग अचानक सैल झालं, ब्रेकचं पॅडल खोल जातंय, इंजिनचा दिवा लुकलुकतोय, यातलं एक जरी असेल तर चालवत नेऊ नका, टो करून न्या. इन्शुरन्समध्ये रोडसाइड असिस्टन्स घेतलेलं असतं आणि माणसं विसरतात, पॉलिसीवर नंबर बघा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा मदतीचा नंबर लावा. गाडी पूर्ण कडेला, पार्किंग लाइट चालू, त्रिकोण मागे लांब ठेवा आणि मुलाबाळांना गाडीत बसवून ठेवू नका, कठड्याच्या पलीकडे उभं करा.

गॅरेजमध्ये गेल्यावर गाडी हलते एवढंच सांगू नका. पहिल्या चकरेत लिहिलेलं वाचून दाखवा, ८२ ला सुरू होते, स्टेअरिंगमध्ये, ब्रेकशी संबंध नाही, चाकं पुढची मागे केली तर सीटखाली गेली. चांगला मेकॅनिक एवढ्यावर अर्धं काम झालं म्हणतो. न बघताच पार्टाचं नाव सांगणाऱ्याला विचारा की कशावरून, हलवून दाखवा, आणि बदललेला जुना पार्ट परत मागून घ्या.

काम झाल्यावर पैसे द्यायच्या आधी त्याच रस्त्याला त्याच स्पीडला जाऊन या. आणि चाकं उतरवली गेली असतील तर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर स्वतः पाना लावून नट परत एकदा बघा, मी ते पाटणच्या चहाच्या टपरीवर थांबतो तेव्हा करतो, पाच मिनिटं लागतात.